थांबायचं की नाही, हे आधीच ठरवू या

(प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आपल्या सचिव ताईंनी केलेलं हे भाषण. सभेला येऊ न शकलेल्या गटांनी ते आपल्या साप्ताहिक बैठकीत वाचावं, अशी सूचना बऱ्याच ग्रामसंघांकडून आली, म्हणून इथे छापत आहोत. बोलण्याची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)



अहवाल वाचून झाला. जमाखर्च मंजूर झाला. कोणाचं कर्ज थकलंय, कोणाचं फिटलंय, ते सगळ्यांनी ऐकलं. आता मागून भाजीचा वास यायला लागलाय, म्हणजे माझ्या हातात किती वेळ आहे ते मला कळतंय. पण अध्यक्षा ताईंकडून मी वीस मिनिटं मागून घेतलीत. विषय कर्जाचा नाही, बचतीचा नाही. रस्त्यावर कोणी अनोळखी माणूस जखमी होऊन पडला असेल, तर आपण थांबायचं की पुढं जायचं, हा विषय आहे.

तुम्ही म्हणाल, यात काय विचारायचं? थांबायलाच पाहिजे. बरोबर. इथं मांडवात बसून आपण सगळ्या थांबतो. मी रस्त्यावरचं विचारतेय. आणि दुसऱ्याला विचारायच्या आधी माझं सांगते.

२०१९ चा डिसेंबर होता. आमच्या गटाचं बँकेचं कर्ज नुकतंच मंजूर झालं होतं. त्यातले पैसे काढायला आम्ही चौघी तालुक्याला गेलो होतो. चार वाजून गेले, एसटी चुकली, म्हणून वडापनं निघालो. जीपमध्ये आम्ही चौघी, आणखी पाच माणसं आणि ड्रायव्हर. पैसे माझ्या पिशवीत, वर भाजी, खाली पैसे.

घाट उतरल्यावर वळणावर एक मोटारसायकल आडवी पडलेली. तिच्या पलीकडं एक माणूस, कुशीवर. एक चप्पल रस्त्याच्या मधोमध. डब्याची पिशवी फाटून भाकरी बाहेर आलेली. ड्रायव्हरनं गाडी हळू केली. खरं सांगते, त्यानं केली हळू. आणि मागं वळून आमच्याकडं बघितलं. तेव्हा मी म्हणाले, "दादा, थांबू नका. पैसं हायती संगं. नसती भानगड नको."

हे वाक्य दुसऱ्या कोणाचं नाही, माझं आहे. जीप पुढं गेली. जाताना मी बघितलं, त्या माणसाचा हात हलत होता.

गावापर्यंत कोणी एक शब्द बोललं नाही. फोन नऊ जणांपैकी सहा-सात जणांकडं असेल. कोणी लावला नाही. प्रत्येकाला वाटलं, मागून गाड्या येतायत, कोणीतरी थांबेल. मागच्या गाडीतल्या लोकांनाही तसंच वाटलं असेल.

रात्री जेवताना मी सासूबाईंना सांगितलं. शाळा न शिकलेली बाई. त्यांनी भाकरी मोडता मोडता विचारलं, "मग तुमी काय क्येलं?" मी म्हणाले, काही नाही, पैसे होते सोबत. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "बैल पडला असता तर थांबला असता."

मैत्रिणींनो, बैल विहिरीत पडला तर आपल्या गावात काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. सोल घेऊन सगळी आळी धावते. बैल कोणाचा, हे विचारत नाही कोणी. भावकीत बोलणं बंद असलं तरी दोराला हात लावतात. आणि माणूस पडला तर आपण विचारतो, हा कोणाचा कोण? दारू पिलाय का? आपल्यावर तर येणार नाही ना?

तो माणूस वाचला की नाही, मला आजपर्यंत माहीत नाही. त्यावेळी मी चौकशी केली नाही, कारण मला उत्तराची भीती वाटत होती.

पुढच्या आठवड्यात गटाच्या बैठकीत मी हे बोलले. बचत गोळा झाली, हप्ते झाले आणि मग बोलले. मला वाटलं होतं, सगळ्या मला दोष देतील. एकीनंही दिला नाही, कारण प्रत्येकीकडं असाच एक प्रसंग होता. एकीचे मालक पडलेल्या पोराला घेऊन दवाखान्यात गेले होते, तर तिथं त्यांनाच विचारलं, "तुम्हीच उडवलं काय?" एकीच्या भावाला साक्षीसाठी सारखं बोलावलं होतं, तेवढ्यात त्याचा किती रोज बुडाला. एक म्हणाली, "दवाखान्यात नेल्यावर पयलं विचारत्यात, पैसं कोण भरनार?" आणि एक तरणी सून हळूच म्हणाली, "परक्या पुरुषाला हात लावला तर गाव काय म्हणंल?"

त्या दिवशी मला कळलं, की आपलं काळीज दगडाचं नाही. आपल्याला भीती वाटते. पोलिसांची, कोर्टाची, दवाखान्याच्या बिलाची आणि लोकांच्या तोंडाची. आणि ही भीती उगाच नाही, लोकांनी भोगलेलं आहे म्हणून आहे. त्यामुळे "माणुसकी दाखवा" असं नुसतं सांगून ती जात नाही. एकेक भीती हातात घेऊन बघावी लागते, की ही आजही खरी आहे का?

तेच मी केलं. प्रशिक्षणाला जाईन तिथं विचारत गेले. तालुक्याला आपल्या ओळखीच्या वकील ताई आहेत, त्यांच्याकडून समजून घेतलं. जे समजलं ते सोप्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट दवाखान्याची. पूर्वी अपघाताचा माणूस आणला की दवाखाने म्हणायचे, "ही पोलीस केस आहे, आधी पोलिसांना आणा, नाहीतर दुसरीकडं न्या." अशाच एका प्रसंगात एका स्कूटरवाल्याला मोटारीनं उडवलं. एका भल्या माणसानं त्याला उचलून जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथं सांगितलं, इथं अशा केस घेत नाही, वीस किलोमीटरवरच्या दवाखान्यात न्या. तिकडं नेता नेता तो गेला. ही बातमी पेपरात आली. ती घेऊन परमानंद कटारा नावाचे एक कार्यकर्ते सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८९ साली न्यायालयानं निकाल दिला, की सरकारी असो नाहीतर खासगी, प्रत्येक डॉक्टरनं आधी जीव वाचवायचा, कागद मागून. १९८९ साल! आपल्यातल्या कितीतरी जणी तेव्हा जन्मल्याही नव्हत्या.

दुसरी गोष्ट थांबणाऱ्या माणसाची. २००७ साली दिल्लीत शाळेतून घरी येणाऱ्या एका मुलाला गाडीनं उडवलं. तो रस्त्यावर रक्त वाहत पडून राहिला. बघणारे होते, नेणारं कोणी नव्हतं. तो गेला. त्याचे भाऊ पीयूष तिवारी. त्यांनी पुढच्या वर्षी सेव्हलाईफ फाउंडेशन नावाची संस्था काढली आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की मदत करणाऱ्याला संरक्षण द्या, म्हणजे लोक थांबतील. ३० मार्च २०१६ ला न्यायालयानं ते मान्य केलं. पुढं २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १३४अ आलं आणि २०२० मध्ये त्याचे नियम निघाले.

आता यात आपल्यासाठी काय आहे? कान देऊन ऐका, आणि घरी गेल्यावर पोरांना, मालकांना सांगा.

आपण चांगल्या मनानं, काही मोबदला न मागता, अपघातातल्या माणसाला मदत केली आणि तरीही त्याला काही झालं, तर आपल्यावर खटला होत नाही. नुकसानभरपाईही मागता येत नाही.

पोलिसांना किंवा रुग्णवाहिकेला फोन केला तर आपलं नाव, पत्ता, नंबर सांगण्याची सक्ती नाही. दवाखान्यातही नाही. सांगायचं असेल तर आपल्या मर्जीनं.

जखमीला दवाखान्यात पोचवलं की आपण निघू शकतो. अपघात प्रत्यक्ष डोळ्यानं बघितला असेल, तर तेवढा आपला पत्ता देऊन निघायचं. कोणी अडवून ठेवू शकत नाही.

जखमी आपला नातेवाईक नसेल, तर दाखल करण्यासाठी दवाखाना आपल्याकडं पैसे मागू शकत नाही.

साक्ष द्यायची सक्ती नाही. आपण राजीखुशीनं तयार झालो, तर पोलिसांनी आपल्या सोयीच्या वेळी, आपल्या सोयीच्या जागी, म्हणजे घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊन विचारायचं, आणि तेही साध्या कपड्यात. दारात वर्दी बघून शेजारपाजाऱ्यांनी कुजबुजायला नको, हा विचारसुद्धा नियम करणाऱ्यांनी केलाय.

आणि एक वाक्य मला फार आवडलं. मदत करणाऱ्याशी आदरानं वागायचं. धर्म, जात, बाई की पुरुष असा भेद करायचा नाही. हे सगळं प्रत्येक दवाखान्यानं दारात, दिसेल अशा जागी, आपल्या भाषेत लावायचं आहे. तुम्ही बघितलाय असा फलक कुठं? हात वर करा. ... दोन. एवढ्या बायकांत दोन. म्हणून तर बोलतेय.

बघा, मी त्या वळणावर "थांबू नका" म्हणाले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचा तो आदेश येऊन पावणेचार वर्षं झाली होती. भीती माझ्याजवळ पोचली होती, कायदा पोचला नव्हता.

आता दुसरा प्रसंग. कायदा कागदावर वेगळा आणि रस्त्यावर वेगळा असतो, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यामुळे सगळं गोड गोड सांगणार नाही.

मागच्या गळीत हंगामात, आमच्या गटातल्या एका ताईंच्या मुलीचा साखरपुडा उरकून आम्ही पाच जणी गावातल्या एका पोराच्या गाडीतून परत येत होतो. साडेसात-आठ वाजले असतील, अंधार पडलेला. रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली उभी. पंक्चर झालेली, मागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दगड लावून तशीच ठेवलेली. तिच्यावर एक मोटारसायकलवाला पोरगा मागून येऊन धडकलेला. चार-पाच माणसं लांब उभी होती. एकजण मोबाईलवर व्हिडिओ काढत होता.

आमच्या गाडीतही आधी तेच सुरू झालं. थांबावं का, उशीर झालाय, घरी वाट बघत असतील. पण आमचं गटात ठरलेलं होतं. त्या पहिल्या प्रसंगानंतर आम्ही ठराव लिहून ठेवला होता, की गटातल्या दोन किंवा जास्त जणी सोबत असतील तर थांबायचं. त्यामुळं तिथं नव्यानं विचार करावा लागला नाही. एक म्हणाली, "ठरलंय न्हवं आपलं?" आणि दार उघडलं.

ही गोष्ट मला आज सगळ्यात महत्त्वाची वाटते. रस्त्यावर पडलेल्या माणसासमोर विचार करायला बसलं, तर भीतीच जिंकते. विचार आधी करून ठेवायचा. कर्ज घेताना आपण काय करतो? एकटी बाई बँकेच्या दारात गेली तर शिपाईसुद्धा बसा म्हणत नव्हता. दहा जणी गेलो, ठराव घेऊन गेलो, तेव्हा साहेबांनी खुर्ची दिली. तसंच हे आहे. एकटीला भीती वाटते, दहा जणींचा ठराव पाठीशी असला की कमी वाटते.

आम्ही कामं वाटून घेतली. एकीनं १०८ ला फोन लावला. दोघी रस्त्यावर मागं जाऊन मोबाईलचे दिवे हलवत उभ्या राहिल्या, म्हणजे अंधारात आणखी कोणी येऊन धडकू नये. मी आणि ती तरणी सून, जी म्हणाली होती ना गाव काय म्हणंल, आम्ही दोघी पोराजवळ बसलो. पायातून रक्ताची धार लागली होती. तिनं आपली ओढणी काढली, घडी घातली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली. "दादा, घाबरू नको, आमी हाय," असं सारखं बोलत राहिली.

पोरगा पाणी मागत होता. मी बाटली उघडून पाजायला निघालेच होते. १०८ च्या फोनवर डॉक्टर होते, ते ओरडले, पाणी देऊ नका! तेव्हा माझा हात थांबला. म्हणजे बघा, मन चांगलं असून भागत नाही, माहितीही लागते.

रुग्णवाहिका दुसऱ्या केसला गेली होती, यायला वेळ लागणार होता. रक्त तर थांबत नव्हतं. फोनवर विचारून, एका दुधाच्या टेम्पोला हात केला. टेम्पोतली फळी काढली, त्या लांब उभ्या राहिलेल्या माणसांना हाका मारल्या, "या की हो, हात लावा." आणि आले. व्हिडिओ काढणारासुद्धा आला. त्यांना कोणीतरी पुढं व्हायला पाहिजे होतं एवढंच. डोकं, मान, कंबर एका रेषेत ठेवून सगळ्यांनी एकदम उचललं.

नाक्यावर जो दवाखाना होता तिथं नेलं. काउंटरवरच्या माणसानं पहिलं काय विचारलं असेल? "डिपॉझिट कोण भरणार?" माझे पाय थरथरत होते, पण मी म्हणाले, "आम्ही याचे कोणी नाही. रस्त्यात सापडला म्हणून आणलाय. आमच्याकडं पैसे मागता येत नाहीत आणि उपचार आधी करावे लागतात. लिहून देता का, की घेत नाही म्हणून?" तो आत गेला, कोणाला तरी विचारून आला, आणि स्ट्रेचर बाहेर आलं. दहा मिनिटं गेली त्यात. ती दहा मिनिटं जायला नको होती.

पोलीस आले. त्यांनी विचारलं, आम्ही बघितलं ते सांगितलं. अपघात होताना बघितला नव्हता, नंतर पोचलो, हेही सांगितलं. एकदा ते म्हणाले, "बोलावलं तर यावं लागेल." मी हात जोडून म्हणाले, "साहेब, आमच्या मर्जीनं आहे ते. पण काही लागलं तर घरी या, चहा घ्या, सांगू." ते हसले. पुढं काही आलं नाही.

घरी पोचायला साडेअकरा झाले. दुसऱ्या दिवशी पारावर चर्चा झालीच, बायका रात्रीच्या कुठं फिरत होत्या म्हणून. त्या तरण्या सुनेच्या घरी थोडं वाजलं. आम्ही गटातल्या सगळ्या तिच्या घरी गेलो, सासऱ्यांना सगळं सांगितलं. ते काही बोलले नाहीत. पण त्या दिवसानंतर ते तिला बैठकीला जाऊ नको म्हणत नाहीत.

पोरगा वाचला. पायात सळई घातली, अजून लंगडतो असं कळलं. त्याच्या घरचं कोणी आमच्याकडं आलं नाही, एक फोनही नाही. सुरुवातीला वाईट वाटलं. मग सासूबाईंचं वाक्य आठवलं. बैल विहिरीतून काढल्यावर दोर ओढणारा प्रत्येकजण मालकाच्या आभाराची वाट बघत बसत नाही. दोर गुंडाळतो आणि घरी जातो.

आता तुमच्या मनातले दोन-तीन प्रश्न मला माहीत आहेत.

पहिला, "ताई, अपघाताचं नाटक करून लुटतात, बायकांनी उतरायचं कसं?" बरोबर आहे. मी एकटीनं, रात्री, सुनसान रस्त्यावर उतरा असं सांगत नाही. तुम्ही थांबला नाहीत तर कोणी शिक्षा करणार नाही. ज्याच्या गाडीनं धडक बसली त्या ड्रायव्हरवर मात्र जखमीला उपचार मिळवून द्यायची कायद्यानं जबाबदारी आहे. पण मदत म्हणजे गाडीतून उतरणंच नाही. पुढं जाऊन, उजेडात, माणसांत थांबा आणि फोन लावा. १०८ रुग्णवाहिकेला, ११२ पोलिसांना. कुठल्या गावाजवळ, कुठला फाटा, कुठला मैलाचा दगड ते सांगा. त्याला एक रुपया लागत नाही. त्या वळणावर माझ्याकडं पैसे होते म्हणून मी उतरले नाही, हे एकवेळ समजून घेता येईल. पण मी फोनही केला नाही, त्याला माझ्याकडं उत्तर नाही.

दुसरा, "हे पुरुषांचं काम, आपण कशाला?" तर याचं उत्तर आपल्याच साडीच्या पदरात आहे. मोटारसायकलवर मागं बसलेल्या बाईचा पदर, ओढणी चाकात अडकून अपघात होतात. गतिरोधकावर उसळून बाई मागच्या मागं पडते. अशा वेळी रस्त्यावर जमलेले पुरुष काय करतात, ते बघितलंय तुम्ही. कडं करून उभे राहतात. बाईला हात लावायला कचरतात. कपडे फाटलेले असतात, मग कोणी बघतं, कोणी मान फिरवतं. तिथं पहिली बाई पुढं होईपर्यंत वेळ जातो. ती पहिली बाई आपण व्हायचं.

तिसरा, "किती लोक मरतात असे? आपल्यानं काय फरक पडणार?" केंद्र सरकारचाच आकडा आहे. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यावरच्या अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. म्हणजे रोज साधारण ४६०. त्यातली जवळजवळ निम्मी दुचाकीवरची. आपल्या घरात दुचाकी कोण चालवतं? आपलं पोर, आपले मालक, आपला भाऊ. जखम झाल्यापासून पहिला एक तास फार मोलाचा असतो, कायद्यातही त्याला गोल्डन अवर म्हटलंय. त्या तासात डॉक्टर तिथं नसतो, पोलीस नसतो, नातेवाईक तर नसतातच. तिथं फक्त जाणारी-येणारी अनोळखी माणसं असतात. म्हणजे आपण.

कोणी म्हणतं, उद्या आपलं माणूस पडेल म्हणून आज दुसऱ्याला मदत करा. खरं आहे. पण मला एवढंच पुरत नाही. तो डब्याची पिशवी असलेला माणूस माझा कोणी नव्हता आणि कधी होणारही नव्हता. तरी त्याचा हात हलत होता. तेवढं कारण पुरायला हवं होतं.

सरकारनं आता बक्षीसही ठेवलंय. गंभीर अपघातातल्या माणसाला त्या पहिल्या तासात दवाखान्यात पोचवलं तर 'राहवीर' म्हणून २५,००० रुपये. आणि मे २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरवून दिलेल्या दवाखान्यात सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत उपचार विनारोख मिळण्याची योजना आहे. हे माहीत असू द्या, दवाखान्यात बोलताना उपयोगी पडेल. पण बक्षिसाचा हिशोब रस्त्यावर करू नका.

आता थोडक्यात, काय करायचं आणि काय नाही. शिक्षण झालेल्या पोरींनी वहीत लिहून घ्या.

आधी स्वतःला सांभाळा. गाडी बाजूला लावा, इंडिकेटर चालू ठेवा, कोणीतरी मागं उभं राहून येणाऱ्या गाड्यांना इशारा करा.

रक्त येत असेल तर स्वच्छ कापडाची घडी करून जोरानं दाबून धरा. थांबलं का बघायला सारखं उचलू नका. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवा. जखमेत हळद, चुना, तंबाखू, माती काहीही भरू नका. आत काच, सळई रुतली असेल तर ओढून काढू नका.

पाणी, चहा, काहीही पाजू नका.

ओढून उठवून बसवू नका. मान वाकवू नका, हेल्मेट हिसकून काढू नका. गाडी लवकर येणार असेल तर आहे तिथंच ठेवा. हलवावंच लागलं तर फळीवर, सगळ्यांनी मिळून, डोकं-मान सरळ ठेवून.

बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे आणि तोंडात रक्त किंवा उलटी आली, तर डोकं आणि अंग एकदम वळवून कुशीवर करा, म्हणजे श्वास अडकणार नाही. कांदा, चप्पल हुंगवत बसू नका.

आणि बोलत राहा. "आम्ही आहोत" एवढं ऐकूनसुद्धा माणसाला धीर येतो.

हे ऐकून येत नाही, हातानं करून बघावं लागतं. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आहेच. म्हणून आज मी सभेपुढं ठराव मांडते.

एक, प्रत्येक ग्रामसंघानं आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राला पत्र देऊन तीन महिन्यांच्या आत प्रथमोपचाराचं एक दिवसाचं प्रशिक्षण मागायचं.

दोन, प्रत्येक गटानं आपल्या इतिवृत्तात लिहायचं, की दोघी किंवा जास्त जणी सोबत असू तर थांबायचं, एकटी असू तर निदान फोन करायचाच. त्यावर सगळ्यांच्या सह्या, अंगठे घ्यायचे. थांबलेल्या बाईला घरात, गावात कोणी बोललं, तर सगळ्या गटानं तिच्या पाठीशी उभं राहायचं. हे शेवटचं विसरू नका, त्याच्याशिवाय बाकीचं टिकणार नाही.

तीन, आपण ज्या दवाखान्यात जातो तिथं मदत करणाऱ्यांच्या हक्कांचा फलक आहे का ते बघायचं. नसेल तर प्रभागसंघाच्या लेटरहेडवर पत्र द्यायचं.

चार, हंगाम सुरू व्हायच्या आधी कारखान्याला निवेदन द्यायचं, की मागं रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यावर सोडू नका. आपल्यातल्या कितीतरी जणींचे ट्रॅक्टर उसाला लागतात. तेव्हा ही सुरुवात आपल्या दारातल्या ट्रॉलीपासून करायची. पडलेल्याला उचलण्यापेक्षा तो पडू नये हे बघणं कधीही चांगलं.

आता हात वर करा. नीट वर करा, मोजायचेत. ... झालं. ठराव मंजूर. लिहून घ्या, ताई.

त्या घाटातल्या वळणावरून मी आजही बँकेला जाते. दर वेळी तिकडं नजर जाते. ती वेळ काही परत येणार नाही. पण ते वळण तिथंच आहे आणि गाड्या रोज जातायत. पुढच्या वेळी तुमच्यापैकी कोणी गाडीत असेल आणि ड्रायव्हर मागं वळून बघेल, तेव्हा त्याला काय सांगायचं ते आज ठरलंय.

एवढं बोलून थांबते. पंगत तयार आहे, लांबून आलेल्या मैत्रिणींनी आधी बसा.